अशर सिंड्रोम: जीन थेरपी येईपर्यंत आणि त्याआधी

कळव्याच्या एका आईने प्रश्न पाठवला आहे. तिचा मुलगा ११ वर्षांचा आहे, जन्मापासून कर्णबधिर. तिसऱ्या वर्षी एका कानात कॉक्लियर इम्प्लांट (आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवायचं ऐकण्याचं यंत्र) झालं. आज तो स्पष्ट बोलतो आणि नेहमीच्या मराठी शाळेत शिकतो. गेल्या वर्षभरात तो संध्याकाळी अडखळायला लागला. गडकरी रंगायतनला बालनाट्य पाहायला गेले तेव्हा दिवे गेल्यावर त्याला आपली खुर्चीही सापडेना. तपासणीत रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी हळूहळू निकामी होण्याचा आजार, निघाला. कान आणि डोळे दोन्ही मिळून हा अशर सिंड्रोम आहे असं सांगण्यात आलं आणि जीन रिपोर्टवर ‘एमवायओ७ए’ या जनुकात दोन बदल आले. एका नातेवाइकाने स्टेम सेलचं पॅकेज सुचवलं आहे, रक्कम काही लाखांत. तिचे प्रश्न तीन: ते करू का, परदेशात निघालेलं जीनचं इंजेक्शन याला कधी मिळेल, आणि चार वर्षांची धाकटी बहीण, जिला व्यवस्थित ऐकू येतं, तिलाही हे होईल का.

ताई, छोटी उत्तरं आधी देतो. स्टेम सेलचे पैसे भरू नका. जीनचं इंजेक्शन अजून प्रयोगाच्या टप्प्यात आहे, पण ज्या मोजक्या जनुकांवर प्रत्यक्ष माणसांत काम सुरू आहे त्यांत तुमच्या मुलाचं जनुक आहे. आणि धाकटीला हा आजार असण्याची शक्यता जवळजवळ नाही. आता सविस्तर लिहितो, कारण यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या पुढच्या दहा वर्षांच्या निर्णयांशी बांधलेली आहे.

आधी आजार. जर्मन नेत्रतज्ज्ञ फॉन ग्रेफे यांनी १८५८ मध्ये बहिरेपण आणि पडद्याचा हा आजार एकत्र असल्याचं नोंदवलं. ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ चार्ल्स अशर यांनी १९१४ मध्ये तो घराण्यातून येतो हे ठामपणे मांडलं, म्हणून त्यांचं नाव पडलं. कानाच्या आत आवाज पकडणाऱ्या केसपेशी असतात आणि डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश पकडणाऱ्या पेशी. दोघींचं काम वेगळं, पण त्यांच्या बांधणीत काही प्रथिनं सारखी लागतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत ते प्रथिन मायोसिन-७ए आहे. केसपेशीवरचे सूक्ष्म तंतू ताणलेले ठेवण्यासाठी ते लागतं आणि पडद्यात पेशीच्या आतली वाहतूक करण्यासाठीही. ते नसलं की कान जन्मतःच काम करत नाही. डोळा मात्र सुरुवातीला चालतो आणि मग वर्षागणिक थकत जातो. आधी रात्रीची नजर जाते, मग कडेची, आणि मधली नजर सगळ्यात शेवटी.

याचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात जन्मतः पूर्ण बहिरेपण, तोल सांभाळणारी आतल्या कानाची यंत्रणा निकामी, आणि पहिल्या दहा वर्षांत रातांधळेपणाची सुरुवात. दुसऱ्यात बहिरेपण मध्यम ते तीव्र, तोल शाबूत, डोळ्यांचा त्रास बहुधा पौगंडावस्थेत. तिसऱ्यात दोन्ही गोष्टी हळूहळू वाढत जातात, आणि आपल्याकडे तो क्वचित दिसतो. तुमच्या मुलाचा प्रकार पहिला. एमवायओ७ए हे या प्रकाराचं सगळ्यात जास्त आढळणारं जनुक आहे.

तोलाची गोष्ट घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही, म्हणून इथे थोडा थांबतो. तो चालायला उशिरा लागला असेल, दीड वर्ष उलटल्यावर, आणि तेव्हा कुणीतरी म्हटलं असेल की बोलत नाही म्हणून चालतही नाही. तसं नव्हतं. माणूस तोल तीन गोष्टींवर सांभाळतो: आतला कान, डोळे, आणि पायांतल्या सांध्यांची जाणीव. याचा आतला कान पहिल्यापासून गप्प आहे, म्हणून तो सगळी भिस्त डोळ्यांवर ठेवतो. उजेड कमी झाला की डोळेही मदतीला राहत नाहीत. संध्याकाळी तो अडखळतो त्यात रातांधळेपणाइतकाच या तोलाचा वाटा आहे. जिन्यात, बाथरूमच्या वाटेवर, पलंगापासून दारापर्यंत रात्री मंद दिवा ठेवा. बाहेर जाताना त्याच्या हातात चांगला टॉर्च द्या. पोहायला घालू नका असं मी म्हणत नाही, पण पाण्याखाली डोळे मिटले की अशा मुलांना वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. तलाव उथळ हवा, दिवसाचा उजेड हवा, आणि हाताच्या अंतरावर मोठं माणूस हवंच. इम्प्लांटचा बाहेरचा प्रोसेसर पाण्यात काढावा लागतो तेव्हा हाक मारूनही उपयोग नसतो, हेही ध्यानात ठेवा.

आता उपचार. त्यासाठी तुमच्या हातातला रिपोर्ट नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढच्या प्रत्येक उपचाराचा दरवाजा तिथून उघडतो. अशरमध्ये आजार होण्यासाठी एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. रिपोर्टवर दोन बदल आहेत याचा अर्थ प्रत्येक प्रतीत एकेक असेलच असं नाही. दोन्ही बदल एकाच प्रतीवर बसलेले असू शकतात, आणि तसं असेल तर निदानच पुन्हा तपासावं लागतं. म्हणून तुम्हा दोघांच्या रक्तात तेच बदल शोधायचे: एक तुमच्यात आणि दुसरा मुलाच्या बाबांमध्ये सापडला की निदान पक्कं. ही चाचणी पहिल्या चाचणीपेक्षा बरीच स्वस्त असते आणि बहुतेक लॅब त्यासाठी स्वतःहून विचारतात. रिपोर्टमध्ये ‘अनिश्चित अर्थाचा बदल’ असं लिहिलं असेल तर जनुकतज्ज्ञाकडून दर दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा वाचून घ्या. माहिती वाढत जाते तशी अनेक बदलांची वर्गवारी पालटते.

दुसरी शक्यताही नजरेआड करू नये. बहिरेपण एका जनुकामुळे आणि डोळ्यांचा आजार दुसऱ्याच जनुकामुळे, असं एकाच मुलात होऊ शकतं. भारतात जन्मजात बहिरेपणाचं एक नेहमीचं कारण कॉनेक्सिन-२६ हे प्रथिन आहे, आणि त्याचा डोळ्यांशी संबंध नाही. नात्यात लग्न झालेल्या घरांत अशा जोडगोळ्या जास्त दिसतात. शिवाय रेफसम नावाचा एक दुर्मिळ आजार आहे, त्यातही पडदा आणि कान दोन्ही जातात, वास येत नाही, हातापायांच्या नसा कमजोर होतात. तो आहारातल्या पथ्याने बऱ्याच अंशी आवरता येतो. त्यामुळे ज्या घरांनी केवळ लक्षणांवरून ‘अशर’ हा शब्द ऐकला आहे आणि जनुकाची चाचणी केलेली नाही, त्यांनी ती करावी हा माझा आग्रह आहे. उपचार करता येण्याजोगं काही हातचं सुटू नये.

एमवायओ७एची अडचण त्याच्या लांबीत आहे. पडद्यातल्या पेशींपर्यंत निरोगी जनुक नेण्यासाठी एएव्ही नावाचा निरुपद्रवी विषाणू वाहक म्हणून वापरतात. त्यात साधारण ४.७ हजार अक्षरांएवढा मजकूर मावतो. एमवायओ७एचा कामाचा मजकूर सुमारे ६.७ हजार अक्षरांचा आहे. मोठं कपाट इमारतीच्या लिफ्टमध्ये मावत नाही तेव्हा सुतार ते दोन भागांत सुटं करून वर नेतो आणि खोलीत जोडतो, तसं इथे करतात. जनुकाचा अर्धा भाग एका वाहकात, अर्धा दुसऱ्यात, आणि दोन्ही एकाच पेशीत पोहोचले की तिथे ते जोडले जातात. इटलीत नेपल्सच्या संशोधकांनी हे तंत्र अनेक वर्षं प्राण्यांत घासून-पुसून घेतलं. त्यातून उभ्या राहिलेल्या आव्हांतगार्द बायो या कंपनीची चाचणी आता माणसांत चालू आहे आणि पहिल्या रुग्णाला २०२४ मध्ये हे इंजेक्शन मिळालं. इंजेक्शन म्हटलं तरी ती शस्त्रक्रिया असते. डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढून, पडद्याच्या खाली अगदी बारीक सुईने औषध सोडावं लागतं. पडदा फाटणं, सूज येणं, मोतीबिंदू होणं हे धोके त्यात आहेतच.

अशा पहिल्या टप्प्यातल्या चाचणीचा उद्देश आधी सुरक्षितता हा असतो. रुग्ण मोजके आणि बहुधा प्रौढ असतात, ज्यांची नजर आधीच बरीच गेली आहे. मुलांची पाळी नंतर येते. म्हणून ‘कधी’ या तुमच्या प्रश्नाला मी वर्ष सांगणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

याच जनुकावर आधीही एक प्रयत्न झाला होता. २०१२ मध्ये वेगळ्या जातीचा, जास्त सामान वाहणारा विषाणू वापरून अमेरिका आणि फ्रान्समध्ये चाचणी सुरू झाली. पुढे कंपनीने तो कार्यक्रम गुंडाळला. नावाजलेल्या औषधांच्या बाबतीतही असं होतं: विज्ञान अर्ध्यावर असतं आणि पैसा आटतो, किंवा तिसऱ्या टप्प्यात मुख्य कसोटीवर औषध उतरत नाही. रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या एका दुसऱ्या, मुलग्यांना जास्त ग्रासणाऱ्या प्रकारावरची जीन थेरपी २०२५ मध्ये अशीच शेवटच्या टप्प्यात अडकली. बातमी वाचून घरात पेढे वाटलेल्या कुटुंबांची पुढची वर्षं मी जवळून पाहिली आहेत. आशा ठेवा, पण मुलाची शाळा, त्याचं शिक्षण, घराचा खर्च त्या तारखेवर टांगू नका.

हे उत्तर दुसऱ्या प्रकाराची कुटुंबंही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी. त्या प्रकारात बहुतेकांचं जनुक यूएसएच२ए असतं आणि ते इतकं प्रचंड आहे, १५ हजारांहून अधिक अक्षरांचं, की दोन वाहकांतही मावत नाही. तिथे वाट वेगळी शोधली गेली. या जनुकाच्या १३व्या तुकड्यात बऱ्याच रुग्णांचे बदल असतात. तो तुकडा ६४२ अक्षरांचा आहे, म्हणजे तीनने पूर्ण भाग जातो. पेशी अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचते, त्यामुळे हा तुकडा वाचताना गाळला तरी पुढचा मजकूर विस्कटत नाही, आणि थोडं आखूड पण उपयोगी प्रथिन तयार होतं. अल्टेव्हर्सेन हे औषध पेशीला नेमका तो तुकडा गाळायला लावतं. ते डोळ्यात साध्या इंजेक्शनने देतात, काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा. २० जणांच्या पहिल्या चाचणीत ज्या डोळ्याला औषध दिलं त्याची नजर न दिलेल्या डोळ्याच्या तुलनेत टिकल्याच्या खुणा दिसल्या. मग त्याच डच कंपनीचं दुसऱ्या आजारावरचं औषध २०२२ मध्ये फसलं आणि तिने अल्टेव्हर्सेनच्या मोठ्या चाचण्याही थांबवल्या. फ्रान्समधल्या थिया समूहाने ते औषध उचललं आणि २०२४ च्या अखेरीस ‘लुना’ नावाची नवी चाचणी सुरू झाली. इथेही रिपोर्ट काय सांगतो त्यावर सगळं ठरतं: बदल १३व्या तुकड्यात नसेल तर हे औषध तुमच्यासाठी नाही. युरोपात ठरावीक एक बदल खूप घरांत सापडतो, आपल्याकडची यादी वेगळी आणि विखुरलेली आहे. ‘यूएसएच२ए आहे ना, मग झालं’ असं धरून चालू नका.

जनुक कुठलंही असो, चालतील असेही काही उपाय तयार होत आहेत. ओसीयू४०० या जीन थेरपीत बिघडलेलं जनुक बदलत नाहीत, तर पडद्यातल्या अनेक जनुकांचा कारभार सांभाळणारं एक जनुक वाढवून देतात. ती तिसऱ्या टप्प्यात आहे. एन-असिटिलसिस्टीन हे खोकल्याच्या कफावर आणि पॅरासिटामोलच्या विषबाधेवर दिलं जाणारं जुनं औषध. रेटिनायटिस पिगमेंटोसात शंकू-पेशींवरचा (पडद्यातल्या, दिवसाची आणि रंगांची नजर देणाऱ्या पेशींवरचा) ताण ते कमी करतं का, हे पाहणारी मोठी चाचणी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या पुढाकाराने २०२३ पासून चालू आहे. हे औषध आपल्या औषधाच्या दुकानात मिळतं आणि म्हणूनच मला काळजी वाटते. मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नका. चाचणीतला डोस मोठा आहे, वर्षानुवर्षं घ्यायचा आहे आणि निकाल हाती आलेला नाही.

ऑप्टोजेनेटिक्स याहून वेगळं. प्रकाश पकडणाऱ्या पेशी मेल्यावरही त्यांच्या मागच्या चेतापेशी जिवंत असतात. शेवाळासारख्या सूक्ष्म जीवांमधलं प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन त्या चेतापेशींत बसवायचं. २०२१ मध्ये ५८ वर्षांच्या एका गृहस्थांबद्दल निबंध प्रसिद्ध झाला. अनेक वर्षं अंध असलेल्या या माणसाला खास चष्मा लावून टेबलावरची वही ओळखता आली, हात नेऊन ती पकडता आली. चेहरे दिसले नाहीत, वाचता आलं नाही, तरी ज्याला काहीच दिसत नव्हतं त्याला एवढंही मोलाचं असतं. तुमच्या मुलाला आज याची गरज नाही. चाळिशीत लागलंच तर तोवर ते तंत्र आजच्यासारखं राहिलेलं नसेल.

लोक विचारतात, बहिऱ्या मुलांना जीन थेरपीने ऐकू आलं ना? हो, आलं. ओटोफर्लिन नावाच्या जनुकामुळे बहिऱ्या असलेल्या मुलांच्या कानात निरोगी जनुक सोडल्यावर त्यांना ऐकू यायला लागलं. शांघायच्या डॉक्टरांचा अहवाल २०२४ च्या सुरुवातीला आला, मागोमाग इतर देशांचेही. त्या मुलांच्या कानातली केसपेशींची बांधणी शाबूत असते, फक्त पुढे निरोप देणारं प्रथिन नसतं. अशरमध्ये बांधणीच विस्कटलेली असते. उंदरांत अशरवर जनुक सोडून ऐकू आणणं जमलं आहे, पण पिल्लू जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच. उंदराचा कान जन्मानंतर पक्व होतो, माणसाचा आईच्या पोटातच. त्यामुळे ११ वर्षांच्या मुलाच्या कानासाठी मी या वाटेकडे डोळे लावून बसायला सांगणार नाही.

आणि त्याची आवश्यकताही कमी आहे, कारण कानाचा उपाय त्याच्याकडे आधीच आहे. अशरच्या पहिल्या प्रकारात आजवर सर्वांत मोठा फरक पाडणारा उपचार कॉक्लियर इम्प्लांट हाच आहे, आणि तुम्ही तो वेळेत केलात. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना एका कानाचं इम्प्लांट मिळतं. वांद्र्याची अलियावर जंग संस्था त्याचं काम पाहते. मी प्रत्येक घराला दुसऱ्या कानाचा विचार करायला सांगतो, कारण आवाज कुठून येतो हे ओळखायला दोन कान लागतात. ज्याची कडेची नजर आखडत जाणार आहे त्याला डावीकडून येणारी रिक्षा ऐकूनच कळायला हवी. ११ व्या वर्षी दुसऱ्या कानाचा फायदा लहानपणी झाला असता तितका मिळत नाही, पण तुमच्या ऑडिओलॉजिस्टशी बोला; खर्च, मेहनत आणि मुलाची इच्छा तिन्ही धरून ठरवा. एरवी मॅपिंग (प्रोसेसरची वेळोवेळी करायची जुळणी) चुकवू नका, प्रोसेसर जुना झाला की नवीन घेण्यासाठी आत्तापासून बाजूला पैसे टाकत जा. कानावर केलेला खर्च डोळ्यांच्या पुढच्या वर्षांसाठीच आहे असं समजा.

इम्प्लांट आहे म्हणून पुढे डोळ्यांवर जीन थेरपी करता येणार नाही, असंही कुणी सांगितलं तर ते खरं नाही.

डोळ्यांसाठी आज करण्यासारखं आहे ते बरंच आहे. वर्षातून एकदा फील्ड टेस्ट (नजरेचा घेर मोजणारी तपासणी), ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) आणि पडद्याचे फोटो, शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच यंत्रावर, आणि सगळ्या फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या. भविष्यातली कुठलीही चाचणी त्याला घेताना पहिली गोष्ट विचारेल ती म्हणजे गेली पाच वर्षं नजर कशी घसरली याची नोंद. नोंदी नसतील तर आधी वर्षभर नुसतं निरीक्षण करण्यात जातं. पडद्याच्या मध्यभागी सूज येणं या आजारात नेहमीचं, आणि ती डोर्झोलामाइडच्या थेंबांनी किंवा असिटाझोलामाइडच्या गोळ्यांनी बऱ्याच जणांत उतरते. ‘आजार वाढला’ म्हणून सोडून दिलेल्या कित्येक नजरा खरं तर सुजेमुळे धूसर झालेल्या असतात. मोतीबिंदूही या रुग्णांना लवकर होतो, बुबुळामागच्या भिंगाच्या मागच्या बाजूला, आणि योग्य वेळी शस्त्रक्रिया केली तर मधली नजर पुन्हा स्वच्छ होते. चष्म्याचा नंबर नीट ठेवा, उन्हात टोपी आणि गडद काच.

जीवनसत्त्व अ बद्दल. १९९३ मध्ये अमेरिकेत त्याच्या मोठ्या मात्रेने थोडा फायदा होतो असं म्हटलं गेलं आणि तीस वर्षं तो सल्ला जगभर फिरला. त्याच अभ्यासातल्या रुग्णांची आकडेवारी नंतर त्यांच्या जनुकांसकट पुन्हा तपासली तेव्हा तो फायदा उरला नाही. मोठी मात्रा यकृताला जड, गर्भारपणात धोक्याची. मी आता ती देत नाही. गाजर, पालेभाज्या, अंडी, मासे घरात असतात तेवढे पुरेत.

आता ते पॅकेज. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांतलं मूळपेशी प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा कुठलाही वापर फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्या उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. म्हणजे डोळ्यांसाठी स्टेम सेल पैसे घेऊन देतो म्हणणारा कुणीही, त्याची पाटी कितीही झगमगती असो, नियमाबाहेर आहे. नुकसान केवळ पैशाचं नसतं. फ्लोरिडातल्या अशाच एका केंद्रात २०१५ मध्ये पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन स्त्रियांची उरलीसुरली नजरही गेली, आणि ती हकिगत वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध झाली आहे. तुमच्या मुलाची मधली नजर आज चांगली आहे. ती कुणाच्या सुईखाली ठेवू नका. नातेवाइकाने चांगल्या मनाने सुचवलं असेल, त्यांच्याशी भांडायची गरज नाही. त्यांना एवढंच विचारा: या चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय, आणि पैसे का घेतात? भारतातल्या खऱ्या चाचण्या त्या सरकारी नोंदवहीत कुणालाही शोधता येतात. परदेशातल्या चाचण्यांसाठी अमेरिकेची सार्वजनिक नोंदवही आहे, तिथे जनुकाचं नाव टाकून पाहता येतं. ‘यूएसएच ट्रस्ट’ या जगभरच्या अशर कुटुंबांच्या नोंदणीतही मुलाचं नाव घाला. तुमच्या जनुकाची चाचणी सुरू झाली की माहिती मिळण्याचा तो एक सरळ मार्ग आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

काही जण लक्सटर्नाचं नाव घेऊन येतात. अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेली ती पडद्याच्या आजारावरची जीन थेरपी आरपीई६५ या एकाच जनुकासाठी आहे, दोन डोळ्यांचा खर्च तिथे साडेआठ लाख डॉलर. अशरमध्ये तिचा उपयोग नाही.

मुलाला काय सांगायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण प्रत्येक आईच्या मनात ते असतं. माझं मत असं की ११ वर्षांच्या मुलाला सगळं एका बैठकीत सांगू नये आणि काहीच न सांगताही ठेवू नये. ‘तुझे डोळे अंधारात कमी काम करतात, त्याचं कारण सापडलं आहे, म्हणून आपण टॉर्च वापरतो आणि दरवर्षी तपासतो’ इतकं आज पुरे. पुढचं तो स्वतः विचारेल, बहुधा तुमच्या अंदाजापेक्षा लवकर, आणि तेव्हा खरं सांगा. या प्रकारात बऱ्याच जणांची मधली, वाचण्याची नजर तिशी-चाळिशीपर्यंत कामापुरती राहते. एवढ्या काळात माणूस शिकतो, नोकरीला लागतो, संसार मांडतो. शाळेत वर्गशिक्षिकांना लेखी कळवा: पहिल्या बाकावर खिडकीकडे पाठ करून बसू द्यावं, फळ्यावर ठळक अक्षरं काढावीत, संध्याकाळच्या कवायतीत एकटं सोडू नये, मैदानात चेंडू दिसला नाही म्हणून रागावू नये. घोडबंदर रोडसारख्या खोदकाम चाललेल्या रस्त्यांवर आणि पावसाळ्यात झाकणं उघडी असतात तेव्हा चालण्याचं रीतसर प्रशिक्षण कामी येतं. पांढरी काठी हातात घ्यायला तो तयार नसेल, पण शिकून ठेवायला हरकत नाही.

कागदपत्रांचंही आत्ताच मार्गी लावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बधिरांधत्व बहुविकलांगतेत स्पष्टपणे मोजलेलं आहे. तुमच्याकडे बहुतेक फक्त श्रवणाचं प्रमाणपत्र असेल. डोळ्यांची फील्ड टेस्ट जोडून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) नव्याने तपासून घ्या. परीक्षेत वाढीव वेळ, शिष्यवृत्ती, पुढे नोकरीतलं आरक्षण या सगळ्याला ते लागतं. बधिरांध मुलांचं शिक्षण आणि पालकांचं मार्गदर्शन यांत भायखळ्याला १९७७ पासून काम करणाऱ्या हेलन केलर इन्स्टिट्यूटचं नवी मुंबईतही केंद्र आहे. कळव्याहून ते दूर नाही. तिथे गेलं की मुलगा ‘बधिरांध’ ठरतो अशी भीती पालकांना वाटते. पण तिथे जाऊन आलेल्या आईवडिलांना पहिल्यांदाच आपल्यासारखी दुसरी माणसं भेटतात, त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलांना बोलताना, काम करताना पाहता येतं. माझ्या खोलीतल्या बोलण्याने ते होत नाही.

उरला धाकटीचा प्रश्न. अशरच्या पहिल्या प्रकारात बहिरेपण जन्मतः असतं. ती ऐकते, वेळेवर चालली असेल, तर तिला भावाचा आजार नाही असंच धरावं. ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आहे, म्हणजे एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली. वाहकाला काही होत नाही, तुम्हा दोघांना झालं नाही तसंच. घरात पूर्वी कुणालाच नव्हतं हे तुम्ही लिहिलं आहे, ते यामुळेच. म्हणून तिची जनुक-चाचणी आत्ता करू नका. ती मोठी झाल्यावर, लग्नाचं वय आल्यावर, तिची तिला ठरवू द्या, आणि तोवर हा रिपोर्ट जपून ठेवा. तुम्हाला आणखी मूल हवं असेल तर मात्र प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आहे. दोन्ही बदल पक्के झालेले असतील तर गर्भाची तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत करता येते, नोंदणीकृत केंद्रात आणि आधी समुपदेशन घेऊन. करायची की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. त्यासाठी आधी तुमच्या दोघांच्या रक्ताची ती छोटी चाचणी व्हायला हवी, म्हणून सुरुवात तिथून करा.

तपासणीला याल तेव्हा जीन रिपोर्टची सगळी पानं आणा, फक्त शेवटचं नव्हे. इम्प्लांटचं कार्ड, लहानपणीच्या श्रवणचाचण्या आणि डोळ्यांच्या आतापर्यंतच्या फील्ड टेस्टही सोबत असू द्या.